चाळीतल्या खोलीत पोटमाळा वाढवायचा आहे, सासऱ्यांसाठीही सोय करायची आहे. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लालबागला पागडीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली आहे, दहा बाय सोळा. माणसं पाच: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि यंदा दहावीला गेलेली मुलगी. भाडं अजून तीन आकड्यांत आहे, त्यामुळे दुसरीकडे जायचा विचारही परवडत नाही. सासरे गिरणीत होते तेव्हा याच खोलीत गावाकडची आठ माणसं पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपायची. तेव्हा जमलं, आता का जमत नाही, असं सासूबाई विचारतात. पण तेव्हा कुणाला दहावीचा अभ्यास करायचा नव्हता आणि कुणाचे गुडघे बदललेले नव्हते.

सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वी झालं. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही आणि उकिडवं तर अजिबात नाही, असं सांगितलंय. संडास गॅलरीच्या टोकाला, सामायिक, सगळे भारतीय पद्धतीचे. मोरीला वीतभर उंचीचा कट्टा आहे, तो ओलांडताना ते दोनदा तोल जाऊन भिंतीला टेकले. कट्टा फोडला तर पाणी थेट खोलीत येईल. पहाटे पाण्याच्या वेळी पिंप भरताना मोरी काठोकाठ होते. कट्टा तसाच ठेवून भिंतीला दांडा लावायचा, की कट्ट्याला उतार करून घ्यायचा? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.

आता पोटमाळ्याचं. खोलीची उंची साधारण अकरा फूट. मोरी आणि ओट्याच्या वर आजेसासऱ्यांनी केलेला जुना माळा आहे, त्यावर ट्रंका, गाद्या आणि गणपतीचं मखर. तो पुढे आणखी चार फूट वाढवून मुलीला बसायला, झोपायला जागा करायची आहे. खाली साडेसहा फूट ठेवले तर वर चार-सव्वाचार फूट उरतात. खाली बसून बैठ्या डेस्कवर लिहिता येईल. अडचण अशी की माळ्याच्या खालीच ओटा आहे. फोडणी दिली की वाफ, धूर सगळं वर जातं. खिडकीच्या वरच्या झडपेत एक्झॉस्ट पंखा बसवला तर पुरेल का?

सुतार म्हणतो, दोन्ही भिंतींत लोखंडी अँगल ठोकू. मला याची भीती वाटते. चाळ १९४० पूर्वीची, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरला जातो अशी. लाकडी सांगाडा, मध्ये चुन्यात बांधलेल्या विटा, खिळा ठोकला की भुसा पडतो. दुसरा सुतार म्हणतो, चार खांब जमिनीवर उभे करू. पण जमीन म्हणजे तुळयांवर टाकलेल्या फळ्या आणि त्यावर शहाबादी, म्हणजे भार खालच्या काकूंच्या डोक्यावर. वह्या-पुस्तकांचं वजन कमी नसतं. भार नेमका कुठे द्यावा?

परवानगीचंही विचारायचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १६ मध्ये मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर खोली जाऊ शकते, असं ओळखीच्या वकिलांनी दाखवलं. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लाकडी पार्टिशन, उभा ओटा, फॉल्स सीलिंग, एक्झॉस्टची सोय अशी कामं कायमच्या बांधकामात धरलेली नाहीत, मात्र लागेल तिथे पालिकेची परवानगी हवी. पोटमाळ्याचं नाव त्यात नाही. मालक तोंडी ‘करा काय ते’ म्हणतात, कागदावर सही देत नाहीत. नटबोल्टने जोडलेला, कधीही सोडवता येणारा माळा केला तर वाद टळतो का? कुणाच्या चाळीत असं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं असेल, तर तो अनुभव मला फार मोलाचा आहे.

बजेट चाळीस हजार. पुनर्विकासाची बोलणी बरीच वर्षं चालली आहेत, म्हणून त्याहून जास्त घालायचं मन होत नाही. पण मुलीची परीक्षा आणि सासऱ्यांचे गुडघे त्यासाठी थांबणार नाहीत.

नंतरची भर: काल इथे सुचवल्याप्रमाणे बूड नसलेली, लोखंडी पायांची कमोड खुर्ची आणली. संडासाच्या भांड्यावर ठेवायची, काम झालं की धुऊन बाहेर भिंतीला टांगायची. मजल्यावरच्या सगळ्यांना आधी विचारलं, कुणी नाही म्हणालं नाही. समोरच्या आजींनी तर ‘मलाही लागेल, इथेच राहू दे’ म्हणून सांगितलं. आज सकाळी सासरे एकटे जाऊन आले. मनापासून आभार.

माळ्याच्या भाराचा प्रश्न मात्र तसाच आहे. लाकडी सांगाड्याच्या जुन्या चाळीत ज्यांनी माळा बांधलाय, त्यांनी तो कशावर टेकवला तेवढं सांगा, फोटो टाकला तरी चालेल. सुताराला मी रविवारपर्यंत थांबवलंय.