गॅन्ट्रीचं डिझाइन करताना आधी काय ठरवायचं: सक्शन कप की एलएम गाइड?

डिझाइनवाला, भोसरी

बारा वर्षं शीट उचलणाऱ्या गॅन्ट्री, म्हणजे वरच्या बीमवरून सरकत माल इकडून तिकडे नेणारी मशीन, डिझाइन करतोय. एक गोष्ट मनापासून खटकते, म्हणून धागा काढला. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, "एलएम गाइड (सरळ रेषेत सरकवणारी रेल आणि ब्लॉक) कुठली टाकणार?" रेल, बॉल स्क्रू, सर्वो मोटर यांतच बजेट संपतं आणि शीट ओढून धरणारे रबरी सक्शन कप उरल्यासुरल्या पैशांत येतात. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. आधी माल बघा, मग कप, मग व्हॅक्यूम कशानं करायचा ते. त्यावरून ग्रिपरचं (कप बसवलेल्या फ्रेमचं) वजन कळतं आणि मग रेलचा आकार.

आकडे मांडतो. २५०० × १२५० × २ मिमीची सीआर (कोल्ड रोल्ड) स्टीलची शीट साधारण ४९ किलो भरते. ६० मिमी व्यासाचा कप उणे ०.६ बारला (बाहेरच्या हवेपेक्षा ०.६ बार कमी दाबाला) जेमतेम १७ किलोची ओढ देतो. आठ कप लावले की १३६ किलो. कागदावर अडीचपटीच्या वर सुरक्षितता दिसते आणि ड्रॉइंग पास होतं. पण शीटला तेल असतं. तेलकट पत्रा आणि रबर यांच्यातलं घर्षण ०.१ धरावं लागतं. गॅन्ट्री आडवी पळायला लागली आणि त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग असलं, तर घसरू न देण्यासाठी दुप्पट सुरक्षिततेनं लागणारी ओढ होते जवळजवळ ३०० किलो. म्हणजे आठ कपांची शीट सरळ वर व्यवस्थित येते आणि बाजूला निघाली की सरकते. हे मी स्वतः पाहिलंय, चाचणीच्या दिवशी, गिऱ्हाईक शेजारी उभं असताना. ८० मिमीचे दहा कप लावल्यावर जमलं, पण फ्रेम जड झाली आणि खालचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागलं.

असेंब्ली, चाकण

दादा, गणित बरोबर, निष्कर्ष पटत नाही. कप बदलायला दहा मिनिटं लागतात. रेल बदलायची तर बीम उतरवा, प्लॅनोमिलरवर (लांब पृष्ठभाग सपाट करणाऱ्या मशीनवर) न्या, डॉवेल पिनांची भोकं पुन्हा पाडा, लाइन आठवडाभर बंद. जे नंतर बदलता येत नाही ते आधी आणि नीट निवडायचं, हा माझा नियम.

दुसरं म्हणजे, वेल्डिंग केलेल्या चौकोनी पाइपवर मशीनिंग न करताच रेल आवळणारे कितीतरी जण आहेत. चार मीटरच्या बीमवर दोन रेल समांतर नसल्या की रेलवर सरकणारा ब्लॉक एका जागी हलका आणि एका जागी घट्ट जातो. हातानं ढकललं तरी कळतं. तिथं ब्लॉकमधल्या गोळ्या लवकर जातात, मग लोक कंपनीला दोष देतात. आणि वजनाची चिंता असेल तर एक आकार मोठी रेल घ्या. किमतीतला फरक संपूर्ण मशीनच्या मानानं फार नसतो.

डिझाइनवाला, भोसरी

मशीनिंगबद्दल शंभर टक्के सहमत. पण "एक आकार मोठी" हा अंदाज झाला, निवड नाही झाली. बॉलच्या गाइडचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातं. भार दुप्पट झाला की आयुष्य आठवा हिस्सा. नुसतं वजनच नाही, शीट ब्लॉकपासून ६०० मिमी खाली लटकतेय, दर ब्रेकला तेवढा आघूर्ण (वळवू बघणारा जोर) ब्लॉकवर येतो. दोन ब्लॉकमधलं अंतर किती ठेवायचं हे ग्रिपरची उंची माहीत नसताना तुम्ही कसं ठरवणार?

असेंब्ली, चाकण

त्वरण कमी करून. तुमच्याच उदाहरणात २ ऐवजी १ घ्या, लागणारी ओढ २०० किलोच्या आत येते, ८० मिमीचे सात कप पुरतात. फ्रेम हलकी, आघूर्ण अर्धा. सायकल टाइम एखाद-दोन सेकंद वाढेल. मागं लेझर कटिंग मशीन असेल तर ते कितीतरी वेळा शीटची वाट बघतच नाही, गॅन्ट्रीच मशीनची वाट बघते. मग घाई कशाला?

कॉम्प्रेसर रूम, रांजणगाव

मध्येच येतो, पण कपाच्या मागं काय जोडणार यावर कुणी बोलत नाही. कॉम्प्रेसरच्या एका एचपीला सात बारची हवा मोठ्या मुश्किलीनं चार-पाच सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) मिळते. शीटसाठी इजेक्टर (त्याच दाबाच्या हवेनं व्हॅक्यूम करणारा) घेत असाल तर हवा बचतीचा स्विचवाला घ्या, व्हॅक्यूम भरला की हवा बंद. पत्र्यातून गळती नसते, त्यामुळे तो उपयोगी पडतो. पण कोरुगेटेड बॉक्सवाल्यांनी तोच इजेक्टर लावला तर तो कधी बंदच होत नाही, पुठ्ठ्यातून हवा येतच राहते. तिथं ब्लोअर लागतो. आणि पुण्यात साडेपाचशे मीटर उंचीमुळे वातावरणाचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण सहा टक्के कमी असतो. कपाची सगळी ओढ त्या दाबावरच, तेव्हा कॅटलॉगमधला आकडा जसाच्या तसा इथं धरू नका.

मेंटेनन्स, रात्रपाळी

दोघं साहेब गणितात गुंतलात, पण पत्र्याखाली माणूस असतो हे कुणी लिहिलं नाही.

तेलामुळे दोन शीट चिकटून येतात. ४९ किलोचे ९८ होतात. कप दोन्ही उचलतात आणि वाटेत खालची सुटते. ती आवाज करून पडत नाही, तरंगत, आडवी जाते. माझ्या समोर एकदा कॉलमवर आपटून थांबली. थप्पीच्या बाजूला मॅग्नेट लावा, म्हणजे वरची शीट सुटी होते. आधी एक कोपरा उचला, मग बाकीचे कप. आणि दोन शीट एकत्र आल्या तर ओळखणारा डबल शीटचा सेन्सर कोटेशनमध्ये "ऐच्छिक" म्हणून टाकू नका.

लाइट गेली तर? चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा) आणि व्हॅक्यूमची छोटी टाकी हवीच. उभ्या अक्षाला बॉल स्क्रू असेल तर मोटरला ब्रेक हवा, कारण बॉल स्क्रू वजनानं उलटा फिरतो. कपाचं रबर एनबीआर (नायट्राइल) घ्या, तेलाला टिकतं. पुढं पेंटिंग असेल तर सिलिकॉन कप अजिबात नको, पेंटमध्ये खड्डे पडतात.

असेंब्ली, चाकण

भाऊ, सेन्सरबद्दल मान्य. आमच्या मागच्या दोन मशीनवर तो नव्हता. उद्या गिऱ्हाइकाला फोन करतो.

क्रमाबद्दल मात्र मी अजून तिथंच आहे. बीम आणि रेल आधी.

डिझाइनवाला, भोसरी

आणि मी कपावर. पण पुढच्या वेळी ग्रिपरचं वजन नक्की झाल्याशिवाय बीमचं ड्रॉइंग तुमच्याकडे पाठवणार नाही, एवढं इथं लिहून ठेवतो.

मेंटेनन्स, रात्रपाळी

मशीन ताब्यात देण्याआधी एक करा. शीट जमिनीपासून १०० मिमीवर धरा, हवा आणि वीज दोन्ही बंद करा, आणि घड्याळ लावून पाच मिनिटं बघत उभे राहा. आमच्याकडे हे करून दाखवल्याशिवाय मी सही करत नाही.