मदत हवी आहे: चेन्नईत चिझमच्या इमारती, कोणत्या आतून पाहता येतात?

दांडियाबाजार
नमस्कार. पुढच्या आठवड्यात चेन्नईला जातोय, एक दिवस मोकळा आहे. रॉबर्ट चिझम या इंग्रज वास्तुकाराने बांधलेल्या इमारती पाहायच्या आहेत. याद्या नेटवर ढीगभर आहेत, पण आत सोडतात की फाटकावरूनच परत फिरायचं, हे कुठेच धड लिहिलेलं नाही. सुरुवात कुठून करावी, क्रम काय ठेवावा? कोणी पाहिल्या असतील तर कृपया लवकर सांगा, तिकिटं काढून झालीत. महाबलिपुरम नको.

सुरसागर
वार कोणता? उतरणार कुठे? बरोबर कोण आहे? हे कळल्याशिवाय क्रम कसा सांगणार?

भटकंती_सदा
महाबलिपुरम नको कशाला? पहाटे निघालात तर किनाऱ्यावरचं देऊळ आणि रथ पाहून दुपारी परत येता. इंग्रजांच्या इमारती काय, मुंबईला फोर्टात फिरलात तरी दिसतील. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबईत.

सुरसागर
सदाभाऊ, मुंबईशी तुलना नको. फोर्टात गॉथिकचा जोर आहे. मद्रासला चिझम नवाबाच्या चेपॉक महालाशेजारी बांधत होता, आणि त्या घुमट-कमानी त्याने मनापासून उचलल्या. बडोद्यात कॉलेजचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवर बांधला तो त्यानेच. हा माणूस मुंबईत कळत नाही.

जुना_बडोदेकर
आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचं श्रेय सगळे चिझमला देतात, पण आराखडा मेजर मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. मँट १८८१ मध्ये वारला, म्हणून चिझम आला.

सुरसागर
आला आणि १८९० पर्यंत काम तडीस नेलं. अर्धवट राजवाडा दुसऱ्याच्या आराखड्यावर पुरा करणं सोपं काम आहे का?

दांडियाबाजार
लक्ष्मी विलासबद्दल मी काही विचारलेलं नाही. नवजीवन एक्स्प्रेसने जातोय, गुरुवारी उतरणार, मोकळा दिवस शुक्रवार. बरोबर बाबा आहेत. त्यांची सगळी नोकरी बडोद्याच्या न्यायमंदिरात, म्हणजे चिझमनेच बांधलेल्या कोर्टाच्या इमारतीत झाली, नाझर म्हणून निवृत्त झाले. कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं, इमारतीला कुलूप लागलं, तेव्हापासून तिथून जाताना ते रिक्षा थांबवायला लावतात आणि खालूनच वरच्या जाळ्या बघत बसतात. त्याच माणसाने मद्रासला काय काय बांधलं ते एकदा बघायचंय, एवढंच त्यांचं म्हणणं. गुडघे दुखतात, जिने नकोत.

सुरसागर
हे पहिल्यांदाच लिहायचं होतं! शुक्रवारी फोर्ट सेंट जॉर्जचं म्युझियम बंद आणि एग्मोरचं सरकारी म्युझियमही बंद. दोन्ही यादीतून काढा.

दांडियाबाजार
म्युझियम नकोच आहेत. चिझमच्या इमारतींचं सांगा.

अड्यारची_मावशी
मी लग्नानंतर इथेच आहे, माहेर बडोद्याचं, रावपुऱ्यातलं. तर ऐक बाळा.
तू उतरणार त्या सेंट्रल स्टेशनपासूनच सुरुवात आहे. इमारत १८७३ ची, मूळ काम हार्डिंगचं, पण मधला घड्याळाचा मनोरा नंतर चिझमने चढवला. गुरुवारी बाहेर पडल्यावर लगेच रिक्षात बसू नका, समोर जाऊन मागे वळून बघा. जवळच रिपन बिल्डिंगला लागून लाल विटांचा व्हिक्टोरिया पब्लिक हॉल आहे, तोही त्याचाच. रिपन मात्र १९१३ ची, त्याची नाही.
शुक्रवारी सकाळी राजाजी सालईवर जीपीओ. १८८४ ची इमारत, आजही चालू पोस्ट ऑफिस, त्यामुळे आत जायला कोणाला विचारावं लागत नाही. २००० साली मोठी आग लागली होती, आतलं बरंचसं नंतरचं आहे. बाबांच्या हातून बडोद्याच्या पत्त्यावर एक पत्र तिथूनच टाक.
तिथून रिक्षाने मरीनाच्या रस्त्याला. विद्यापीठाचं सेनेट हाऊस, १८७४ ते १८७९. आत सहज सोडत नाहीत, परवानगी लागते, त्या भरवशावर राहू नकोस. पण बाहेरूनच तासभर लागेल. चार कोपऱ्यांना चार मनोरे, आणि जाड खांबांच्या माथ्यांवरचं दगडी कोरीवकाम मान वर करून बघण्यासारखं. न्यायमंदिर पाहिलेल्या माणसाला हात ओळखू येईल. शेजारी चेपॉक महाल, १७६८ चा, नवाबाचा. त्याच्या दोन भागांमधला मनोरा चिझमचा. २०१२ च्या आगीनंतर दुरुस्त केलाय, सरकारी कचेऱ्या आहेत. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज, फाटकावर वडिलांचं वय सांगून विचारून बघ.
ऊन चढायच्या आत मरीनाचं उरका. जिना कुठेच चढायचा नाही.

खलाशी
एक भर घालतो. जीपीओ, कस्टम हाऊस सगळं त्या एका रस्त्यावर का, हे वडिलांना सांगा. मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हतंच. जहाजं लांब नांगर टाकत आणि माल, माणसं मसुला होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्याला येत. त्या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी नाही, काथ्याने शिवलेल्या असत. समुद्र तेव्हा त्या रस्त्यालगत होता. मग धक्क्याच्या भिंती बांधल्या, १८८१ च्या वादळाने त्या मोडल्या, पुन्हा बांधल्या. त्या भिंतींना अडून दक्षिणेकडे वाळू साचत गेली. मरीनाची आजची रुंद चौपाटी म्हणजे ती वाळू. चिझम कॉलेज बांधत होता तेव्हा लाटा याहून खूप जवळ होत्या.

घाटमाथा
चिझमच बघायचा तर त्रिवेंद्रमचं नेपियर म्युझियम! १८८० चं, केरळी उतरत्या छपरांचं. त्याच्यापुढे मद्रासचं काही नाही. दोन दिवस वाढवा.

जुना_बडोदेकर
त्रिवेंद्रम कशाला, तंजावर जवळ आहे. न्यायमंदिर १८९६ चं, आणि ते ज्यांच्या नावाचं त्या पहिल्या चिमणाबाई तंजावरच्या मोहित्यांच्या. सयाजीरावांशी लग्न १८८० मध्ये, आणि पाच वर्षांत गेल्याही. त्यांच्याबरोबर तिकडच्या नर्तकी आल्या, म्हणून बडोद्यात भरतनाट्यम आलं. वडील न्यायमंदिरातले, तर त्यांना चिमणाबाईंचं माहेर दाखवा. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजींनी कोरवलेला भोसल्यांचा मराठी शिलालेखही वाचून होईल.

अड्यारची_मावशी
अहो, गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्रभर गाडीत बसवून तंजावर?

जुना_बडोदेकर
रात्रीची गाडी असते, झोपून जायचं. मी नेलंय माझ्या आईला.

दांडियाबाजार
तंजावर या खेपेला नाही. मावशी, तुम्ही लिहिलेला क्रम छापून घेतलाय. बाबांना वाचून दाखवला, तेव्हा खांबांचे माथे कसल्या दगडाचे, हे त्यांनी लगेच विचारलं. एकच राहिलं: सेंट्रलला फलाटावरून बाहेर यायला चाकाची खुर्ची मिळते का?

अड्यारची_मावशी
मिळते. डब्यातल्या टीसीला आदल्या स्टेशनाआधी सांगून ठेव. हमाल खुर्चीसकट येतो, पैसे आधी ठरव. आणि शुक्रवारी दुपारी जेवायला घरी या, व्यनि (खासगी निरोप) केलाय.