शिकवण्यांनी गळा संपत नाही

"एकदा शिकवण्या सुरू केल्या की गायक म्हणून माणूस संपला," असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. जॅझ गाणाऱ्या शीला जॉर्डन यांचं नाव इथे कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. जन्म १९२८, डेट्रॉईट. लहानपण पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींच्या मुलखात आजी-आजोबांकडे. १९६२ मध्ये ब्लू नोट या जॅझच्या नावाजलेल्या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रण झालं, तरी एकटीने मुलगी वाढवायची म्हणून त्यांनी पुढे कित्येक वर्षं ऑफिसात टायपिंग केलं. १९७८ पासून न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवलं. आपल्या आयुष्याची कहाणी त्यांनी ब्लूज या गानप्रकारात बांधली आणि ती म्हातारपणीही गात राहिल्या. २०२५ मध्ये गेल्या, ९६ वर्षांच्या होऊन.

त्यांची मला सगळ्यात भिडलेली गोष्ट म्हणजे नुसत्या डबल बासवर, म्हणजे खर्जातल्या एका मोठ्या उभ्या तंतुवाद्याच्या साथीवर, गाणं. पियानो नाही, ड्रम नाही. लपायला जागाच नाही! ते ऐकून मी इथे सोलापुरात, पूर्व भागातल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात पेटी बंद करून फक्त तानपुरा ठेवला. बाहेर यंत्रमागांची खडखड चालूच. पाचवीतल्या एका मुलीचा पंचम घसरला. तिचा हात सवयीने पेटीकडे गेला, मग परत मांडीवर आला, आणि डोळे मिटून तिने तो पुन्हा लावला. लागला! तिला दाखवता दाखवता माझाही पंचम पूर्वीपेक्षा स्वच्छ लागायला लागलाय.