आग डोंगरावरची, चावी पुण्यात

(नाशिकमध्ये म्हसरूळच्या बाजूची तीन विंगची सोसायटी, मागे डोंगर. मार्च महिना. शनिवारी रात्री लागलेल्या आगीवर ग्रुपवर झालेलं बोलणं. मधले ‘शुभ सकाळ’ आणि हापूसच्या पेट्यांचे मेसेज काढून टाकले आहेत.)

रविवार

सेक्रेटरी (बी-१०१), सकाळी ६:५२
नमस्कार मंडळी. अर्धी सोसायटी रात्री खाली होती, अर्धी झोपेत होती, म्हणून लिहितोय. पावणेअकराला मागच्या उतारावर गवत पेटलं. बघता बघता आग वरच्या कातळापर्यंत गेली आणि खाली सी विंगमागे भिंतीपलीकडे पाल्याचा ढीग धडधडत होता. ट्रान्सफॉर्मरची जाळी तिथून जेमतेम बारा फूट. १०१ ला फोन केला, बंब वेळेत आला. पण गेटच्या आत येऊ शकला नाही. दोन्ही बाजूंना गाड्या. मालक शोधून गाड्या काढेपर्यंत आठ मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होतो.

बी-३०४ काकू, ७:०५
देवाची कृपा, कुणाला काही झालं नाही. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या त्या प्लॅस्टिकला तीन भोकं पडलीत, रुपयाएवढी. म्हणजे ठिणग्या पाचव्या मजल्याच्या वर आल्या होत्या.

सी-५०१, ७:११
गाड्यांचं मी वर्षभर सांगतोय. नावं घेतली तर राग येतो लोकांना.

ए-४०२, ७:१३
राग नाही भाऊ. व्हिजिटर पार्किंग भरलेलं असतं म्हणून गेटला लागते गाडी.

सी-५०१, ७:१४
व्हिजिटर पार्किंगमध्ये तुमचीच दुसरी गाडी असते.

सेक्रेटरी, ७:१५
सकाळी सकाळी नको.

सी-२०१, ७:२०
हा मेसेज डिलीट केला आहे.

बी-२०२, ७:३१
डोंगरावर पोरं बसतात रात्री. सिगारेटी, बाटल्या. त्यांचंच काम. पोलिसांना कळवलं पाहिजे.

ए-३०१ ताई, ७:३४
किंवा गुरं चारणारे. नवं गवत चांगलं यावं म्हणून जाळतात म्हणे.

बी-२०२, ७:३५
तेच ते.

सेक्रेटरी, ८:०२
आता खरी शरमेची गोष्ट सांगतो. बंब अडकला होता तेव्हा आपली हायड्रंटची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याची लाइन वापरायची ठरली. होजची पेटी उघडली. पाइप होता, नोझल नव्हती. पितळी असल्यामुळे चोरीला जाते म्हणून सगळ्या नोझल ऑफिसच्या कपाटात ठेवल्यात. कपाटाची चावी खजिनदारांकडे. खजिनदार लग्नाला पुण्याला.

खजिनदार (ए-२०३), ८:१०
कपाटात ठेवायचं कमिटीत सर्वानुमते ठरलं होतं. मिनिट्स बघा.

सी-५०१, ८:११
मिनिट्सनी आग विझते का?

बी-३०४ काकू, ८:१९
मग विझवली कशी?

सेक्रेटरी, ८:२४
वॉचमन आणि नाना. निरगुडीच्या ओल्या फांद्या तोडून कडा झोडपल्या. बागेच्या नळाला पाइप लावून ढिगावर पाणी मारलं. बंब आत आल्यावर बाकीचं त्यांनी पंधरा मिनिटांत संपवलं. नानांचं वय एकाहत्तर आहे, हे सगळ्यांनी लक्षात घ्यावं.

नाना (ए-१०२), १०:४०
सगळ्यांना नमस्कार. मला टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. नोकरी वनखात्यात गेली, पेठ-सुरगाण्याकडे. दरवर्षी फेब्रुवारी ते जून झोप अशी नाहीच. आत्ता सकाळी डोंगरावर जाऊन आलो. चप्पल काळी झाली, सूनबाई रागावली.

एक सांगतो. आग चढावर वर पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून वाळवून ठेवतात. चढताना ती रुंद होत जाते. म्हणून जळालेला पट्टा लांबून बघितला की पंख्यासारखा दिसतो, आणि पंख्याची मूठ जिथे असते तिथून आग सुटलेली असते. आपल्या डोंगरावरच्या पंख्याची मूठ वर नाही. पोरं बसतात त्या कातळाजवळ तर गवत सगळ्यात शेवटी जळालंय. मूठ आपल्या भिंतीशी आहे, सी विंगच्या कोपऱ्यात.

ए-३०१ ताई, १०:४४
म्हणजे?

नाना, १०:५२
म्हणजे आग डोंगरावरून आपल्याकडे आली नाही. आपल्याकडून डोंगरावर गेली.

बी-२०२, १०:५३
नाना पण धूर आणि ठिणग्या तर वरून खाली येत होत्या. मी स्वतः बाल्कनीतून बघितलंय.

नाना, ११:०८
बरोबर बघितलंत. दिवसा डोंगर तापतो, वारा उतारावरून वर चढतो. रात्री डोंगर निवतो आणि गार हवा खाली उतरते. काल सुरुवातीला वारा पडलेला होता, तेवढ्यात आग चढून गेली. साडेअकरानंतर वारा खाली सुटला, त्याने धूर आणि ठिणग्या गच्चीवर आणून टाकल्या. म्हणून सगळ्यांना वाटलं वरून आली.

सी-२०१, ११:३०
सकाळी मेसेज डिलीट केला तो मीच. आता लिहितोच. शनिवारी संध्याकाळी माळीदादांना तो ढीग जाळायला मी सांगितलं होतं. डास झालेत, साप येतील म्हणून. सहाला पेटवला, सातला बादलीभर पाणी मारलं, वरून विझलेला दिसला. माळीदादांची चूक नाही, सांगणारा मी. सगळ्यांची माफी मागतो.

(इथे जवळजवळ वीस मिनिटं ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. आमच्या ग्रुपवर असं होत नाही.)

बी-३०४ काकू, ११:४९
भाऊ, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर ती पोरं पोलीस चौकीत गेली असती.

नाना, ११:५८
पाल्याच्या ढिगाचं असंच असतं. वर राख, आत निखारा. पाच-सहा तास धुमसतो. फावड्याने उलटून, पाणी घालून, परत उलटून, हाताला गार लागेपर्यंत विझला म्हणायचं नाही. पेठेकडे राब भाजताना हीच गोष्ट. नागली-भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला-शेण जाळतात, बांधावर नजर नसली की डोंगर गेला. आणि जाळल्यावर गवत चांगलं येतं हे मी चाळीस वर्षं ऐकतोय. हिरवं लवकर दिसतं, एवढंच. पहिल्या पावसात माती उघडी असते ती ओढ्याला जाते. लावे-तित्तिर जमिनीवर अंडी घालतात, त्यांचं तर काही उरत नाही. सकाळी चार अंडी बघितली, भाजलेली. असो.

ए-५०३, १२:१०
कायद्याचं पण बघा. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली आहे. साधा जाळला तर ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर असेल तर २५,०००. राखीव वनाला आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्यात गुन्हा आहे, तो वेगळा.

सी-५०१, १२:१२
कंपोस्टचा खड्डा दोन वर्षांपूर्वी मंजूर झाला होता. खोदला का?

सेक्रेटरी, १२:१३
नाही.

बी-३०४ काकू, १२:४०
धाकटीचा फोन आला होता लॉस एंजेलिसहून. २०२५ च्या जानेवारीत तिकडे पॅलिसेड्स आणि ईटन अशा दोन मोठ्या आगी लागल्या, १६ हजारांहून जास्त घरं-इमारती गेल्या. ती तेव्हा रात्री दोनला पासपोर्ट, औषधं आणि मांजर घेऊन निघाली होती. ती म्हणते, घराला चिकटून पाच फुटांत जळणारं काही ठेवायचं नाही. झाड नाही, लाकडाची मोळी नाही, पायपुसणंसुद्धा नाही. घरं ज्वाळेने कमी पेटतात, उडत आलेल्या ठिणगीने जास्त.

बी-२०२, १२:४४
काकू तिकडची घरं लाकडाची. आपली आरसीसी. आपल्याकडे कोण पळतंय मांजर घेऊन!

नाना, १:०५
भिंत जळणार नाही, मान्य. पण बी विंगच्या बाल्कन्या खालून बघा एकदा. हिरव्या शेडनेट. जिन्याखाली गणपतीचं थर्माकोलचं मखर, तीन वर्षांची तीन. डक्टमध्ये जुन्या गाद्या. गच्चीवर मोडका सोफा. रुपयाएवढी भोकं पाडणारी ठिणगी काकूंच्या कुरडयांवर पडली म्हणून आपण हसतोय.

बी-२०२, १:०९
शेडनेट माझीच आहे. काढतो.

ए-४०४, १:३०
उपग्रहावरून आगीचा एसएमएस येतो ना? देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण पाठवतं. मी नाव नोंदवलंय, काल आला नाही.

ए-५०३, १:३४
येणारच नाही. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो, आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे ३७५ मीटर. आपली आग तासाभरात संपली. मोठ्या जंगलाला उपयोगी, आपल्याला वॉचमनच उपयोगी.

ए-३०१ ताई, २:१५
माझा मुलगा दम्याचा आहे. रात्रभर खोकत होता. ओला रुमाल बांधला होता तरी.

डॉक्टर (सी-३०२), २:४०
ताई, ओल्या रुमालाने राख अडते, धुराचे बारीक कण अडत नाहीत. एन-९५ मास्क घरात ठेवा. खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, आणि बाहेरची हवा आत ओढणारा कूलर लगेच बंद. पंप हाताशी ठेवा. आराम नसेल तर १०८. आज संध्याकाळी त्याला घेऊन या, बघतो.

सी-४०३, ३:०५
आपलं फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, झालंय का या जानेवारीचं?

सेक्रेटरी, ३:२०
हा प्रश्न येणार हे माहीत होतं. नाही झालं. २००६ च्या अग्निशमन कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. जुन्या एजन्सीने न बघताच सही करायची तयारी दाखवली होती, पैसे घेऊन. मी नाही म्हटलं आणि नवीन शोधायची राहिली. ती चूक माझी. या आठवड्यात नवी एजन्सी येऊन पंप चालवून, वरच्या मजल्यावर प्रत्यक्ष पाणी काढून दाखवणार. ज्यांना यायचं त्यांनी यावं.

खजिनदार, ३:२२
नोझल आजच पेट्यांमध्ये लावतो. पोचतोय पाचपर्यंत. पेटीला काच आणि हातोडी बसवू, कुलूप नको.

सी-५०१, ३:२३
चोरीला गेल्या तर?

खजिनदार, ३:२४
तर गेल्या.

सोमवार

ए-४०२, सकाळी ७:४०
दुसरी गाडी भावाच्या प्लॉटवर लावली आहे. गेटसमोर पिवळे पट्टे मारायचे असतील तर रंगाचे पैसे माझ्याकडून.

सी-५०१, ७:५२
ब्रश माझ्याकडे आहे.

सेक्रेटरी, ९:१०
वाळकं गवत काढायला येत्या रविवारी सकाळी साडेसहाला जमू. नाना, भिंतीबाहेर किती रुंद पट्टा काढायचा?

नाना, ९:४५
थांबा. भिंतीबाहेरची जागा आपली नाही. वनखात्याची हद्द कुठे सुरू होते ते बीटच्या वनरक्षकाला विचारतो, त्यांच्या परवानगीशिवाय विळा चालवायचा नाही. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत जाळून केलेला मोकळा पट्टा, खरं तर थंडीतच काढायची असते, आता गवताला काडी लावून रेषा काढायचा विचारही नको. फक्त कापायचं आणि उचलून आणायचं. आतल्या बाजूचं मात्र आपण पूर्ण साफ करू, ट्रान्सफॉर्मरभोवती तर एक कुसळ राहता कामा नये. डोंगरावर परत धूर दिसला तर वनखात्याचा १९२६ लावा, वस्तीजवळ असेल तर १०१, काहीच सुचलं नाही तर ११२. फोटो ग्रुपवर नंतर टाका. शनिवारी १०:४७ ला पहिला फोटो आला होता आणि १०१ ला फोन १०:५८ ला गेला.

ए-४०४, ९:४८
फोटो मी टाकला होता. सॉरी.

बी-३०४ काकू, १०:१५
बी-५०४ च्या आजींचं काय करायचं? अंथरुणाला खिळलेल्या. सून ऑफिसला, दिवसभर बाई असते. आगीत लिफ्ट वापरायची नाही म्हणता, मग त्यांना कोण उतरवणार?

डॉक्टर, १०:३०
प्रत्येक विंगमध्ये असे कोण आहेत त्यांची यादी वॉचमनच्या केबिनमध्ये लावू. आजींना चादरीची झोळी करून चौघांनी उतरवता येतं, मी दाखवतो. चार नावं हवीत, दिवसा घरी असणारी.

सी-२०१, १०:३१
माझं लिहा. मी घरूनच काम करतो.

बी-२०२, १०:३३
मी. रात्रपाळी असते, दिवसा घरीच.

ए-४०२, १०:४०
मी पण.

बी-३०४ काकू, १०:४२
चौथं माझं लिहा. हसू नका, पायाकडची बाजू धरेन.

माळीदादांचा मुलगा (सेक्रेटरींच्या फोनवरून), ११:२०
बाबा म्हणतात रविवारी विळे आम्ही आणू, सहा आहेत. धार लावून ठेवतो.

नाना, ११:३६
छान. सगळ्यांनी बूट आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. कुसळ्या मोज्यात घुसतात, जुने मोजे घाला. भाजलेल्या भागाकडून साप आणि घोरपडी इकडे सरकल्यात, काल पार्किंगमध्ये एक धामण होती, निरुपद्रवी आहे, मारू नका. पाण्याचे दोन ड्रम भरून ठेवा. आणि तिथे कुणी बिडी-सिगारेट ओढायची नाही. बी-२०२, तुम्हालाच सांगतोय.

बी-२०२, ११:३७
हो नाना.