मदत हवी आहे: गाण्यांशिवाय पळायची सवय कशी लावू?

राम राम मंडळी. मी आर्वी तालुक्यातला. रोज पहाटे 8 किमी पळतो, रविवारी सायकल 40 किमी. कानात गाणी नसली की तिसऱ्या किलोमीटरलाच पाय जड होतात.

मागच्या रविवारी सायकलवर दोन्ही कानांत इअरफोन होते. मागून जिनिंगला चाललेली कापसाची ट्रॉली हॉर्न देत आली, मला पत्ताच नाही. ट्रॅक्टर खेटून गेला, मी कडेच्या मुरमात घसरलो, कोपर सोललं. ड्रायव्हरच्या शिव्या मात्र स्पष्ट ऐकू आल्या! आईनं त्याच दिवशी इअरफोन उचलून तुरीच्या डब्यात टाकले. पहाटे रोडवर रानडुकरंही असतात, तिचं चूक नाही.

त्यात फेब्रुवारीत पहिली ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, पळणं अशी सलग शर्यत) करायची आहे, आणि या खेळाची जागतिक संघटना वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमांत हेडफोन चालतच नाहीत. म्हणजे सवय मोडायचीच आहे. एकदम बंद करू की आधी फक्त लांब पल्ल्याला? पावलांची लय डोक्यात कशी धरता? आणि सरावापुरते ते हाडातून आवाज देणारे, कान मोकळे ठेवणारे बोन कंडक्शनवाले घेतले तर सायकलवर वाऱ्यात ऐकू येतं का? घामात टिकतात का? वापरणाऱ्यांनीच सांगा भाऊ.