लेथवर आधी कोणाचा जॉब: ओरडणाऱ्याचा की पैसे देणाऱ्याचा?

भोसरीचा_टर्नर
भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, एक सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन), एक व्हीएमसी (मिलिंग-ड्रिलिंगचं मशीन). आमचं शेड्यूलिंग म्हणजे ज्याचा फोन जोरात त्याचा जॉब आधी. सोमवारी मोठ्या कंपनीच्या पर्चेसवाल्याचे सकाळपासून चार फोन, म्हणून लेथवरचं फ्लँजचं सेटिंग मोडून त्याचे बुश लावले. दीड तास सेटिंगमध्येच गेला. माल रात्री टेंपोत, पैसे मात्र 90 दिवसांनी. फ्लँजवाला बिचारा आठवड्यात पैसे देतो, आणि थांबतोही तोच.

याच कंपनीने सीएसआरमधून (समाजकार्याच्या निधीतून) आमच्या गल्लीतल्या शाळेला बेंच दिले. बेंच झकास आहेत, माझाच पोरगा बसतो. पण माझ्या सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिटचं) व्याज कोण भरणार?

उद्या तीन जॉब आहेत (आधी लेथ, मग व्हीएमसी, तास): बुश 6/2, फ्लँज 2/5, हाउसिंग 4/4. क्रम कसा लावू?

जुना_प्लॅनर
जॉन्सनचा नियम, दोन मशीनवरच्या जॉबचा क्रम लावायचा, 1954 सालचा. कागद-पेन्सिल पुरते. सगळ्यांत छोटा आकडा शोधा: पहिल्या मशीनचा असेल तर तो जॉब सुरुवातीला, दुसऱ्याचा असेल तर शेवटी. म्हणजे फ्लँज, हाउसिंग, बुश. 14 तासांत सगळं उरकतं. बुश आधी घेऊन मग फ्लँज आणि हाउसिंग केलं तर 17, कारण व्हीएमसी पहिले 6 तास नुसतं बसून. (सेटिंग यात धरलेलं नाही.) फ्लँज तेराव्याऐवजी सातव्या तासाला मोकळे होतात. जॉन्सनला पैशातलं काही कळत नाही हो, तो फक्त तास मोजतो; लवकर पैसे देणारा इथे आधी आला हे तुमचं नशीब!

हिशेबवाली
उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? मग कायद्याने कंपनीला पैसे थकवता येतात ते लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर नाही, करार नसेल तर 15. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. पण नोटीस धाडली की पुढची ऑर्डर गेली, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यापेक्षा ट्रेड्स (TReDS, बिलावर बँकेकडून आधीच पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) बघा. कंपनीने बिल मान्य केलं की बँका बोली लावतात. दर कंपनीच्या पतीवर ठरतो, तुमच्या नाही. आणि पुढे कंपनीने बुडवले तरी बँक तुमच्या दारात येत नाही. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची आहे. मात्र नोंदणी केली म्हणजे तुमचं बिल मान्य करतीलच असं नाही, घोडं तिथंच पेंड खातं.

चाकण_लोकल
कंपनी लिस्टेड आहे का? बाजारमूल्यात पहिल्या 1000 मध्ये असेल तर तिचा बीआरएसआर (सामाजिक जबाबदारी आणि शाश्वततेचा वार्षिक अहवाल) उघडा. देणी किती दिवसांत चुकवतात तो आकडा त्यात असतो. बेंचचे फोटो मोठे छापतात, हा आकडा मात्र शोधावा लागतो.

भोसरीचा_टर्नर
पर्चेसवाल्याला ट्रेड्सचं विचारलं. म्हणे, "नोंदणी आहे, पण बिलाचं फायनान्सला विचारा." फायनान्सवाले साहेब मंगळवारी भेटतात. फ्लँज सकाळी लेथवर चढले, बुश शेवटी. आत्तापर्यंत दोन फोन येऊन गेलेत.