रुग्णालयाने स्वतःच्या पैशातून संशोधन करावं का?

छाती_ओपीडी_नेरुळ

नवी मुंबईतल्या एका अभिमत विद्यापीठाच्या रुग्णालयात मी छातीविकार विभागात शिकवते. आमच्याकडे अंतर्गत संशोधन निधीचा प्रस्ताव आलाय. डॉक्टरांनी अर्ज करायचा, वैज्ञानिक समिती आणि एथिक्स कमिटीने (अभ्यासातल्या रुग्णांचे हक्क जपणारी समिती) तो तपासायचा, मंजूर झाला की दोन-तीन लाखांपर्यंत रक्कम द्यायची. स्टाफरूममध्ये यावरून दोन तट पडलेत. माझ्या मते हा निधी हवाच, आणि त्यावर पहिला हक्क पीजींच्या, म्हणजे एमडी-एमएस करणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांच्या, थिसिसचा असावा.

एमडी-एमएसला थिसिस सक्तीचा आहे. पण विषय आजार बघून ठरत नाही, फुकटात काय जमेल ते बघून ठरतो. तुर्भ्याकडच्या दगडखाणींत उभं आयुष्य काढलेली माणसं आमच्याकडे येतात. टीबीचा कोर्स एकदा नाहीतर दोनदा झालेला असतो, थुंकीत टीबीचे जंतू कधीच सापडलेले नसतात, आणि एक्स-रे लावला की सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, समोर दिसतो. खाणकामगाराचा सिलिकोसिस कायद्याने कळवायचा आजार आहे. केसपेपरवर टीबी लिहिलं की ती नोंद होत नाही आणि भरपाईचा रस्ताही तिथेच बंद होतो. अशी किती माणसं आहेत हे मोजायचं तर वस्तीवर जायला हवं, अजून खोकला न लागलेल्यांचीही स्पायरोमेट्री (फुंकर मारून श्वासाची क्षमता मोजायची तपासणी) आणि एक्स-रे करायला हवेत. माझ्या एका रेसिडेंटने हाच विषय मागितला होता. खर्च मांडला आणि आम्ही फाईल मिटली. शेवटी त्याने जुन्या केसपेपरांवरून दुसराच विषय उरकला. मला त्याची अजून खंत आहे.

आयसीएमआरकडे (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) मोठा निधी आहे, पण तिथे दार ठोठवायला हातात थोडी प्राथमिक माहिती लागते, आणि ती गोळा करायलाच पैसे नसतात.

ऐरोली_सेक्टर८

सहमत नाही, मॅडम. माझी मुलगी अशाच एका कॉलेजात एमबीबीएस करते. फी भरताना घरातलं सोनं गहाण टाकलंय. तुमचा निधी आकाशातून पडणार नाही, तो आमच्या फीमधून नाहीतर रुग्णांच्या बिलातून निघणार. आधी वॉर्डात नर्स पुरेशा ठेवा, मग संशोधनाचं बोलू.

महाडचा_जावई

पैसा लागतोच असं कोण म्हणतं? डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगडात विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून पाहिले, टिपणं काढली, आणि १९८२ मध्ये ते काम 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे विंचूदंशावर त्यांनी वापरलेल्या प्राझोसिन या औषधाने कोकणातली किती पोरं वाचली ते आमच्याकडे कुणालाही विचारा. त्यांच्यापाशी ना निधी होता, ना समिती. जिद्द असली की काम होतं.

छाती_ओपीडी_नेरुळ

बावस्कर सरांचं नाव आदरानेच घेते. पण त्यांचा आजार डोळ्यांसमोर, काही तासांत घडत होता, आणि नाडी, रक्तदाब, घाम बघायला मशीन लागत नव्हतं. सिलिकोसिस वीस वर्षं मुरतो. शिवाय खर्च झालाच नाही असं नाही, तो एका डॉक्टरने आणि त्याच्या घराने सोसला. प्रत्येक रेसिडेंटकडून तशी अपेक्षा मी करणार नाही.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र ज्या टाटा मेमोरियल सेंटरचा भाग आहे, त्यांचा स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध टोचायचं, एवढीच कल्पना. सुमारे १,६०० स्त्रिया, ११ केंद्रं. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत ८२.६ टक्के, तर दिलेल्यांत ८६.६ टक्के निघालं. २०२३ मध्ये तो छापून आला. इतक्या स्वस्त भुलीच्या औषधावर कुठली कंपनी पैसे लावेल? असे प्रश्न संस्थेने हातात घेतले नाहीत तर कुणीच घेत नाही.

हिशेबनीस_सीबीडी

टाटा अणुऊर्जा विभागाखाली आहे, तिथे सरकारी पाठबळ आहे. खासगी विद्यापीठाची तुलना त्यांच्याशी करू नका. मी एका मेडिकल कॉलेजच्या अकाउंट्समध्ये नऊ वर्षं काढली. नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणारी संस्था) मूल्यांकनात शिक्षकांना बीजनिधी, म्हणजे संशोधन सुरू करायला थोडी रक्कम, दिली का, याची नोंद लागते. म्हणून निधी वाटला जायचा. पहिली यादी विभागप्रमुखांची. फेब्रुवारी उजाडला की ३१ मार्चच्या आत संपवायची धावपळ, मग तपासणीचे किट मागवायचे. फ्रीजमध्ये मुदत संपलेले किट मी स्वतः मोजलेत. पेपर किती निघाले याची फाईल होती, रुग्णाला काय मिळालं याची नव्हती. वाईट याचं वाटतं की त्यातले दोन-तीन प्रस्ताव खरंच चांगले होते, आणि ते नवख्या लेक्चररचे म्हणून मागे राहिले.

छाती_ओपीडी_नेरुळ

हे मान्य. म्हणून परीक्षक बाहेरच्या संस्थेतले हवेत, आणि अर्ज त्यांच्याकडे नाव झाकून जावा. पैसे मार्चला न बांधता टप्प्याने द्यावेत. औषधोपचारांच्या चाचण्या सीटीआरआयवर, म्हणजे सगळ्यांना बघता येणाऱ्या सरकारी नोंदवहीत, नोंदवाव्याच लागतात. बाकीचे अभ्यासही तिथे नोंदवता येतात आणि नोंदणीला पैसे पडत नाहीत. उत्तर नकारार्थी आलं तरी ते लोकांपुढे येईल.

घणसोली_गावठाण

मी डॉक्टर नाही. वडील एका मोठ्या रुग्णालयात ॲडमिट होते. एक शिकाऊ डॉक्टर आला, फार गोड बोलला, "काका, अभ्यासासाठी जरा जास्तीचं रक्त लागेल." वडिलांनी सही केली. डिस्चार्जच्या बिलात त्या दोन टेस्ट लागल्या होत्या. मी विचारलं तर काउंटरवर म्हणाले, सही तुमचीच आहे ना. बाबा रिक्षा चालवायचे. त्या पैशात घरात महिन्याचा किराणा आला असता. तेव्हापासून संशोधन म्हटलं की माझ्या डोक्यात सणक जाते. माझा विरोध आहे.

छाती_ओपीडी_नेरुळ

दादा, हे चुकीचंच झालं. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे केवळ अभ्यासासाठी केलेल्या तपासणीचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही. सही घेतली तरीही नाही. पण निधी नसला की असंच होतं. थिसिस तर पुरा करायचाच असतो, मग एकतर रेसिडेंट स्टायपेंडमधून भरतो, नाहीतर टेस्ट "उपचाराचा भाग" म्हणून बिलात शिरते. माझा मुख्य मुद्दा खरं तर हाच असायला हवा होता. मी पेपरांबद्दल आणि विषयांबद्दल बोलत बसले.

घणसोली_गावठाण

मग निधी येईपर्यंत असे अभ्यास बंद ठेवा. पैसे नाहीत म्हणून रुग्णाच्या खिशात हात घालणं हे काही उत्तर नाही. आणि फॉलोअपला बोलावता तेव्हा बुडलेल्या रोजाचं काय?

छाती_ओपीडी_नेरुळ

रोज आणि प्रवासखर्च दोन्ही अर्जात मांडले पाहिजेत. बंद ठेवायचंही पटतंय. सोमवारच्या बैठकीत दुरुस्ती सुचवते: कुठल्या तपासणीचे पैसे कोण देणार हे लिहिलेलं नसेल, तर थिसिस एथिक्स कमिटीपुढे ठेवायचाच नाही. मग निधी मंजूर होवो वा न होवो.

ऐरोली_सेक्टर८

या दुरुस्तीला माझा पाठिंबा. निधीला अजून नाही. फी वाढणार नाही हे त्याच ठरावात लेखी आणा, मग बोलू.